इक्वॉल बनवणारे

माझ्या आतड्यात राहणाऱ्या काही जंतूंमुळे मला रोज सकाळी आठला फोन यायचा.

झालं असं, की एका प्रयोगशाळेला सोया पचवणारी माणसं हवी होती. सोयातला एक पदार्थ पोटात गेला की आतडं त्याची साखर सोडवतं, उरलेलं रक्तात शिरतं, यकृत त्यावर शिक्का मारतं आणि लघवीवाटे त्याची पाठवणी होते. काहींच्या आतड्यातले जंतू मात्र त्याला मध्येच गाठून त्याचं इक्वॉल नावाचं वेगळंच रसायन बनवतात. सगळ्यांना हे जमत नाही. मला जमलं. कुठेतरी माझी निवड होण्याची ही पहिलीच वेळ.

मग ठरलं: सहा महिने रोज पेलाभर सोया दूध, आठवड्यातून एकदा चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये, आणि प्रयोगशाळेतल्या सिस्टरचा फोन.

"प्यालात?"

"प्यालो."

"पोट?"

"मजेत. तुमची आठवण काढतं."

"पुरे. ठेवते."

दिवसभरात माझं बोलणं एवढंच. काम घरूनच. ताई परगावी, तिचं उत्तर म्हणजे अंगठ्याचं चित्र.

दुसऱ्या महिन्यात दाढ सुजली. डेंटिस्टनं अँटिबायोटिक दिलं. प्रयोगाचा नियम स्पष्ट होता: ते घेतलं की जंतू मरतात, माणूस बाद. मी पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि चार दिवस एका गालानं जगलो.

पाचव्या दिवशी तोंड उघडेना, आणि आठला फोन वाजला.

"अहो, तोंडात काय कोंबलंय?"

"दाढ."

"गोळ्या?"

"आहेत. फ्रिजवर."

"फ्रिजची दाढ दुखतेय का? घ्या आधी!"

"मग मी बाद."

"बाद तर बाद. मेलेला माणूस कॅन भरून देत नाही."



पाकीट खिशात घातलं आणि प्रयोगातून बाहेर पडल्याचा फॉर्म द्यायला प्रयोगशाळेत गेलो. जंतूंना तेवढाच तासभर जास्त. सिस्टर आवाजापेक्षा बुटकी निघाली. 'कारण' हा रकाना मी कोरा ठेवला होता. तिनं त्यात 'दाढ' लिहिलं.

"ते जंतू परत येतात का हो?"

"काहींचे येतात. काहींचे नाही."

"आले तर कळवू?"

"तुमच्या जागी दुसरे गृहस्थ घेतले. आज त्यांचा पहिला दिवस."

कूलरचं पाणी कागदी पेल्यात घेतलं, गोळी गिळली.

"घेतली," मी म्हणालो.

ती त्या नव्या माणसाला फोन लावत होती. मी पोटावर हात ठेवून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. त्या जंतूंजवळ कोणीतरी असायला हवं होतं.