समुद्राचा ताप

"पुन्हा वाच," पपा म्हणाले.

मी डोळे पाऱ्याच्या रेषेत आणून वाचलं. एकवीस पूर्णांक चार. आमच्या सान लिनो बंदराच्या धक्क्यावर सप्टेंबरात समुद्राच्या पाण्याचा पारा सतराच्या फार वर गेलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मी तर पाच वर्षांची असल्यापासून ती बादली ओढतेय.

माझ्या पपांचं, सेनोबियोंचं, काम एवढंच. दिवसातून तीनदा कॅनव्हासची बादली समुद्रात सोडायची, वर ओढून सावलीत ठेवायची, तापमापी तीन मिनिटं बुडवायची, आकडा वहीत लिहायचा आणि तारेने राजधानीला, लिमाला कळवायचा. लिमाचं ऑफिस असे बंदराबंदरांतले आणि जहाजांवरचे आकडे यंत्राला भरवतं आणि नाताळापासूनचा आमचा उन्हाळा कसा जाईल ते रेडिओवर सांगतं. "समुद्र आज जे करतो, ते आभाळ तीन महिन्यांनी करतं," एवढंच पपांचं शास्त्र. एकोणीस वर्षांत वहीतला एक रकाना रिकामा नाही. त्याबद्दल गावाने त्यांना काय दिलं, तर नाव: बादलीवाला.

लिमाचं उत्तर आलं, आकडा चूक, तापमापी बदला. नवी आली, तीही जुनीच्याच बाजूने बोलली. मग कळलं, की यंत्राला शिकवूनच ठेवलंय: नेहमीपेक्षा फार वेगळा आकडा आला तर फेकून द्यायचा आणि तिथे जुन्या वर्षांची सरासरी घालायची. म्हणजे पपा बादली ओढणार आणि यंत्र ती परत समुद्रात ओतणार. रेडिओ म्हणत राहिला, उन्हाळा नेहमीसारखा कोरडा.

इकडे अँचोवी मासळी गायब झाली. उपाशी पाणपक्षी वाळूवर माना टाकून बसायचे. हाकललं तरी उडायचे नाहीत, नुसते बघायचे.

पपांची मोठी बहीण, मेलचोरा आत्या, कोरड्या ओढ्याच्या पात्रात राहायची. दहा वर्षांत त्यात पाणी आलं नव्हतं, म्हणून निम्मं गाव तिथेच मातीची घरं बांधून बसलेलं. आत्या दारात मासे तळून विकायची. पपा रोज तिच्याकडे जाऊन, समुद्र तापलाय, पाऊस येणार, टेकाडावर आमच्याकडे राहायला ये म्हणून विनवायचे.

"काय रे बादलीवाल्या, आज किती ताप आहे समुद्राला?"

"चोवीस. ताई, चल ना वर."

"त्याला एक गोळी दे आणि मला तळू दे. रेडिओने सांगितलं ना, की त्याच दिवशी गादी उचलते."

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी शाळा सुटायच्या दिवशी मी फळ्यावर सगळ्या आकड्यांचा आलेख काढला. रेघ जिन्यासारखी वर चढत होती. वर्ग हसला, मास्तरही हसले. मी तो पुसला नाही. पण ओढ्यातलं कुणी हललंही नाही.

चौदा जानेवारीला पहाटे पाऊस आला. आमच्या गावात कुणाकडे छत्री नव्हती, कधी लागलीच नव्हती. पपा बादली धक्क्यावरच ठेवून ओढ्याकडे धावले. ओढा त्यांच्या आधी पोहोचला होता. दुपारी किनाऱ्यावर आत्याची कढई सापडली. आत्या दोन दिवसांनी.

फेब्रुवारीत लिमाहून तार आली. सप्टेंबरपासूनचे सगळे आकडे पुन्हा पाठवा, यंत्राला नव्याने शिकवतो आहोत.

पपा कोऱ्या कागदावर लिहीत होते, मी वहीतून वाचत होते. वाचता वाचता मी थांबले. चौदा जानेवारी, तिन्ही रकाने रिकामे.

मी गणितात पहिली. "तेराला शेवटचा सत्तावीस पूर्णांक आठ, पंधराला पहिला अठ्ठावीस पूर्णांक दोन. बरोबर मध्ये अठ्ठावीस येतात, पपा. घालू?"

"नको, नेरिदा. त्या दिवशी मी मोजलं नाही."

त्यांनी पट्टी घेतली आणि तिन्ही रकान्यांतून एक सरळ रेघ ओढली. शाई वाळेपर्यंत कागदावर हात धरून बसले.

"पुढचा वाच," ते म्हणाले.