वाढ

घरात तिला सगळे मासेवाली म्हणत. ती मासे विकत नव्हती. प्रयोगशाळेत नखाएवढे मासे पाळायची आणि त्यांच्या अंड्यांत पिल्लू कसं घडतं ते भिंगातून बघत बसायची. पेशीच्या अंगावरच्या एका ग्राहीत तिचा सगळा जीव अडकलेला. धाकट्या बहिणीला तिने एकदा समजावलं होतं, "दारावरची बेल समज. कुणी दाबली की पेशी वाढते."

आता त्याच बहिणीच्या लेकीच्या, ठमीच्या पोटात गाठ निघाली. पोर जेमतेम चार वर्षांची. गाठीत नेमकी तीच बेल अडकलेली, अखंड वाजणारी. ती बंद पाडणारं औषध होतं.

"देऊ ना गं, ताई? तुझाच तर विषय."

एरवी या विषयावर मावशीचं तोंड बंद व्हायचं नाही. आज तिला आधी मासेच आठवले. बेल बंद केलेले तिचे मासे आखूड राहिले होते. तिने ते सांगूनही टाकलं, आणि लगेच वाटलं, नसतं सांगितलं तर बरं.

"मग देऊ की नको?"

"दे. म्हणजे... मला खरंच कळत नाही गं. मासा तो मासा, आपली ठमी ती ठमी."

एवढं शिकून हे उत्तर! पण औषध सुरू झालं.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बहीण हसत-रडत ओरडली, "वाढ थांबली!"

"कोणाची?" मावशीच्या तोंडून निसटलं.

तिची नजर दाराच्या चौकटीकडे गेली होती. ठमीच्या उंचीची नवी रेघ जुन्या रेघेवरच बसली होती. मावशीला आनंद झाला होता, अगदी खरा, आणि त्या रेघेची धास्तीही वाटली होती. दोन्ही एकदम कसं, ते तिलाच उमजेना.

"ती रेघ मीपण रोज बघते, ताई," बहीण हळूच म्हणाली. "आज हसू दे मला."

"मावशी, वाढ!"

मावशी दचकली. ठमी रिकामं ताट पुढे करून बसली होती. कित्येक आठवडे घास बघूनच तोंड फिरवणारी ठमी.

"काय वाढ?"

"भात! केव्हाची सांगतेय!"

"एवढी शास्त्रज्ञ, आणि साधं 'वाढ' कळत नाही," बहीण डोळे पुसत म्हणाली.

मावशीने वाढलं. ठमीने ताट मागे घेतलं नाही.

"अजून," ती म्हणाली.