न दिसलेले सहा महिने

माझ्या कळफलकावर शून्याची कळ सर्वांत जास्त झिजली आहे. तिच्यावरचा आकडा पुसला गेला आहे. शेकड्या-हजारांच्या शेवटी तो लागतोच. पण एकटे शून्य माझ्या पडद्यावर कितीतरी वर्षे आले नव्हते.

मित्रांनो, मी लातूरकडच्या एका कचेरीतला जुना संगणक आहे. आलो तेव्हा मला हार घातला होता, पेढे वाटले होते. आता नवा जिल्हा झाला की नवे यंत्र येईल, असे दर वर्षी म्हणतात. तोवर माझ्यावर कापडही कोणी टाकत नाही. शनिवार-रविवारी सोबतीला फक्त एक पाल असते.

दुष्काळात तळे खोदणाऱ्या चाळीस मजुरांची मजुरी माझ्यात नोंदली जाई. ती वेळेवर कधीच येत नसे. धुरपताबाई जूनपासून फेब्रुवारीपर्यंत नऊ महिने कामावर होत्या. पैसे मिळाले तीनदाच: जुलैत सहा हजार, ऑक्टोबरात साडेचार, जानेवारीत साडेसात. महिनावार बेरीज मागितली की नोंद असलेले महिने तेवढे मी दाखवी. तीन ओळी, सरासरी सहा हजार. तुमच्या हजेरीतून गैरहजर मुलांची नावेच गाळली, तर वर्ग रोज भरलेला दिसेल ना? चाळीसही मजुरांचे तसेच झाले.

त्यावरून कागद तयार झाला: कमाई पुरेशी आहे, काम बंद करावे. अमृतराव साहेबांनी तो महिनाभर सहीविना ठेवला. कोणी विचारले की म्हणत, "पाहू."

एका दुपारी धुरपताबाई स्वतःच आल्या. माझ्यावर काम करणाऱ्या तारामतीबाईंना म्हणाल्या, "माय, तुझ्या डब्ब्यात माझं काय लिवलंय?"

"महिना सहा हजार, मावशी."

"अगं बया! एवढी श्रीमंत हाय मी? मग बाकीचे सहा महिने काय खाल्लं, तुझा डब्बा?"

तारामतीबाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी आधी नऊ महिन्यांची यादी केली, मग यादीतल्या प्रत्येक महिन्यासमोर मला रकमा मांडायला लावल्या. जून, शून्य. जुलै, सहा हजार. ऑगस्ट, शून्य. नऊ ओळी, सरासरी दोन हजार. सहा शून्ये आपापल्या ओळीत एकटी बसली होती. मला ती ओळखीची वाटली.

मित्रांनो, मला खुशाल बदला. पण नव्या यंत्रालाही रिकामे महिने विचारा. न विचारता ते सांगणार नाही. मीही सांगितले नव्हते.

अमृतराव साहेब चष्मा लावून माझ्यापुढे उभे राहिले. सहाही शून्यांवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवले.

"साहेब," धुरपताबाई दारातून म्हणाल्या, "उद्या टिकाव घिऊन यावं का न्हाई, तेवढं सांगा."

"या," साहेब म्हणाले. "चाळीसही जण या. तळ्याचं काम चालू राहील."