खुरांच्या टोप्या

गोठ्याच्या खिडकीवर काळं कापड ठोकताना हातोडी तिसऱ्यांदा बोटावर बसली आणि लेक कळवळली. तिचे बाबा, म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, शेळीशेजारी मांडी घालून बसले होते.

"एवढ्याशा पेशीला सुई टोचणारे हात म्हणे! आणि खिळा ठोकता येईना."

"बाबा, तुम्ही शेळीकडे बघा."

"ती निवांत आहे. तिला कुठे ठाऊक, तू तिची सोयरीक कुणाशी जुळवलीस ते!"

कुणाशी? ऐकाल तर तोंडात बोट घालाल. जेलीफिशशी! पोटातलं करडू जेमतेम एका पेशीएवढं असताना लेकीनं त्याच्या जनुकांच्या लांबलचक माळेत नेमक्या एका जागी काप घेतला होता आणि तिथे समुद्रातल्या जेलीफिशचं एक जनुक बसवलं होतं. निळ्या उजेडात हिरवं चमकायचं, एवढंच त्या जनुकाचं काम. करडू चमकलं, की ती जागा पक्की. मग पुढे तिथेच औषधी दुधाचं जनुक बसवता येणार. पण चाळीस गर्भ वाया गेले होते. हा एकेचाळिसावा, आणि तिच्या प्रयोगशाळेच्या संचालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा शेवटचा. मग काम बंद.

दुपारी अडीचला करडू बाबांच्या हातात आलं. धडधाकट, आणि कोळशासारखं काळंकुट्ट! आईनं त्याला चाटूनपुसून लख्ख केलं, ते धडपडत आचळाला लागलं, पोटभर प्यायलं. मग लेकीनं दिवा मालवला. दोघांनी निळा उजेड अडवणारे नारिंगी चष्मे चढवले आणि तिनं निळी बॅटरी लावली.

पाठ काळी. पोट काळं. कान काळे.

तेवढ्यात करडू "में" करून ओरडलं, आणि त्याची जीभ हिरवीगार!

"बाबा! दिसली का? दिसली का?" लेक चक्क उड्या मारायला लागली. चौथ्या उडीला मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं शेळीच्या चिकाचं भांडं ओढलं, त्यावर बॅटरी धरली. चीकसुद्धा हिरवट चमकत होता. अगदी साधा, कुठल्याही शेळीचा असतो तसा चीक.

ती मटकन पेंढ्यावर बसली. "जिभेवर दूध आहे, बाबा. काही सिद्ध होत नाही. आणि काळी कातडी उजेड गिळून टाकते. आता रक्ताचा अहवाल येईपर्यंत नुसतं झुरायचं."

"मग जिथे काळं नाही तिथे बघ."

"डोक्यापासून पायापर्यंत काळं आहे हो!"

"पाय वरून बघितलेस. खालून?" बाबांनी करडाला अलगद मांडीवर उताणं घेतलं. "हजारो बाळंतपणं केली मी, चिमणे. पोटात असताना खुरांवर मऊ, पांढुरक्या टोप्या असतात. आईला आतून इजा होऊ नये म्हणून. दिवसभरात झिजून जातात. धर बॅटरी."

तिनं बॅटरी जवळ नेली. उजेड खुरावर पडला.

हिरवं! काजव्यासारखं मिणमिणतं नव्हे, भरभरून, आतून उजळलेलं हिरवं. एक खूर, दुसरं, तिसरं, चौथं! तिनं ओल्या फडक्यानं ती पुसपुसून पाहिली. मग शेजारच्या कप्प्यातून सकाळी जन्मलेलं साधं करडू उचलून आणलं आणि त्याचीही खुरं उताणी केली. त्याच्या टोप्या निळ्या उजेडात नुसत्या अंधुक. पुन्हा आपलं करडू. हिरवं!

कुठला तो खोल समुद्र, कुठला तो बिनहाडाचा जीव, आणि कुठे हे पेंढ्यावरचं शिंकणारं पोर! पण समुद्रातली अक्षरं शेळीनं न अडखळता वाचली होती. दोघांची भाषा मुळात एकच, कधीपासूनची कोण जाणे! हे तिला पुस्तकातून पाठ होतं. तरी अंगावर सर्रकन काटा आला.

बाबांनी चारही खुरं एकेक करून पुन्हा निरखली.

"संचालकांना फोन कर," ते म्हणाले. "सांग, काम बंद होत नाही म्हणावं."

"करते. थांबा ना, ते उभं राहतंय."

बाबांनी करडाला खाली सोडलं. काळ्या अंधारात काळं करडू दिसतच नव्हतं. दिसत होते फक्त पेंढ्यावर डगमगत निघालेले हिरवे ठिपके, पाऊल उचललं की उजळणारे. ते आईपाशी पोचले आणि थांबले.

"चिमणे," बाबा हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा चालव की गं त्याला."