नऊ धाकू पाटील

डॉ. सुचेता खानोलकर यांचा दवाखाना भाईंदर पश्चिमेला, भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत होता. बाहेरच्या खोलीत तीन बाकडी, औषधांची खिडकी आणि खिडकीमागे कंपाउंडर धर्माजी. धर्माजी मूळचे संगमेश्वरकडचे, पण बारा वर्षांत राई, मुर्धा, मोर्वा इथल्या घराघरातली माणसं त्यांच्या ओळखीची झाली होती. पेशंट दारात दिसला की ते खोक्यातून त्याचं कार्ड काढून ठेवत. नाव विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

१९९३च्या नोव्हेंबरात धर्माजी तापानं चार दिवस घरी पडले. तिसऱ्या दिवशी एक चाळिशीचा माणूस बायकोला घेऊन आला. लघवीला जळजळ होतेय म्हणाला. नाव, धाकू पाटील. सुचेतानं स्वतःच कार्ड शोधलं, तपासलं आणि सल्फाच्या गोळ्या बांधून दिल्या. दोघं दारापर्यंत गेली आणि बायको परत फिरली. तिचं नाव शालू.

"बाई, ह्या पांढऱ्या गोळ्या त्याच न्हाय ना? मागं ह्यांनी त्या खाल्ल्या न तोंड भोपळ्यावानी सुजलं. तुम्हीच लाल शाईनं लिवून ठेवलेलं."

सुचेतानं कार्ड पाहिलं. त्यावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. तिनं खोकं टेबलावर उपडं केलं. धाकू पाटील नावाची चार कार्डं निघाली आणि त्यातल्या तिसऱ्यावर लाल अक्षरात लिहिलेलं होतं : सल्फा देऊ नये. तिनं पुडी परत घेतली, दुसरं औषध दिलं आणि ते दोघं गेल्यावर पाच मिनिटं पंख्याखाली नुसती बसून राहिली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला हे सांगितलं. नीरज अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होता. त्याच आठवड्यात कंपनीनं जुनी मशीनं काढायला घेतली होती. शनिवारी तो एक कॉम्प्युटर मांडीवर धरून रिक्षातून दवाखान्यात आला आणि पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून त्यानं पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला.

धर्माजी बरे होऊन त्या शनिवारनंतरच्या सोमवारी कामावर आले तेव्हा कार्डांचं खोकं कोपऱ्यात सरकलेलं होतं आणि टेबलावर प्लास्टिकच्या झाकणाखाली हे यंत्र.

"ह्याला चेहरे ओळखता येतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," नीरज म्हणाला.

"मला येतात."

तरीही प्रोग्राम तयार झाल्यावर दुपारी दवाखाना बंद असताना धर्माजी कार्डं वाचून दाखवायला बसत आणि सुचेता टाइप करी. धाकू पाटलांपाशी गाडी अडली. एकाच नावाचा दुसरा पेशंट आला की वडिलांचं नाव, गाव आणि जन्मसाल दिल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकेना. कार्डांवर नुसतं 'धाकू पाटील, भाईंदर'.

"सोपं आहे," धर्माजी म्हणाले. "हा राईचा. हा मिठागरवाला. हा..." पुढे ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "मॅडम, मार्चमध्ये वजन अठ्ठेचाळीस किलो. एप्रिलमध्ये एक्याऐंशी."

"एका महिन्यात तेहतीस किलो वाढला?"

"अक्षर माझंच आहे," धर्माजी हळू आवाजात म्हणाले. "पण माणसं दोन दिसतायत."

सुचेताला हसू आवरेना. धर्माजींचा चेहरा बघून तिनं ते पदराआड दाबलं. मग म्हणाली, "सगळ्यांना एकदमच बोलवू या. जेवढे धाकू पाटील आहेत तेवढे."

धर्माजींनी रिक्षा स्टँडवर, मच्छी बाजारात आणि राईच्या भजनी मंडळात निरोप ठेवला : रविवारी सकाळी दहाला धाकू पाटलांनी दवाखान्यात यावं, तपासणी फुकट.

रविवारी नऊ जण आले. कुणी सायकलवर, कुणी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून. शालू आपल्या धाकूला दंडाला धरून घेऊन आली, कारण "हा दुसऱ्याच्यात मिसळंल". नीरजनं यादी उघडून सवयीनं हाक मारली, "धाकू पाटील?" आणि तिन्ही बाकडी एकदम रिकामी झाली. नऊही जण एकमेकांकडे बघून खो खो हसू लागले. राईच्या भजनी मंडळात गाणारा, अंगानं भरलेला एक धाकू तर इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं.

चौकशीत कळलं की एकाचं नाव दशरथ आहे आणि त्याचं कार्डही त्याच नावानं आहे.

"मग तुम्ही का आलात?" सुचेतानं विचारलं.

"घरात माना धाकूच म्हनतात."

दुसरा घोडबंदरहून आला होता आणि या दवाखान्यात तो पूर्वी कधीच आलेला नव्हता. "बोलावलं म्हनून आलो," तो म्हणाला. त्यालाही बसवून घेतलं. म्हणजे चार कार्डांवर एकूण सात माणसं होती.

नीरज टाइप करू लागला. जन्मसाल विचारलं तर एक म्हणाला, थोरल्या भावाच्या लग्नाच्या वर्षी. भावाचं लग्न कधी झालं, तर धाकू जन्मला त्या वर्षी. वडिलांच्या नावानं तरी सुटेल असं वाटलं, तोच कॉम्प्युटर पीं पीं करून अडला. धाकू लवू पाटील दोन निघाले, एक राईचा, एक मोर्व्याचा. ते दोघं उठून एकमेकांच्या समोर उभे राहिले आणि आपले लवू नात्यातले आहेत का, हे शोधू लागले. ते खरंच नात्यातले निघाले. बाहेर गल्लीत चहा मागवला गेला.

आता जुने आकडे वाटून द्यायचे होते. नीरज वजनं वाचे आणि धर्माजी एकेकाला काट्यावर उभं करत. अठ्ठेचाळीस किलोचा धाकू सापडला. मिठागरात काम करणारा, उन्हानं काळा पडलेला, काटकुळा. सुचेता त्याला चांगली ओळखत होती. गेल्या वर्षी गळू घेऊन आला तेव्हा कार्डावर ब्लडप्रेशर एकशे ऐंशी दिसलं, म्हणून तिनं त्याचं मीठ बंद केलं होतं. पुढच्या खेपेला मोजलं तर एकशे वीस. मीठ सोडल्यानं केवढा फरक पडला, म्हणून तिनं त्याची पाठही थोपटली होती.

"अजून अळणीच खाता ना?" तिनं विचारलं.

"वरीस झाला," तो म्हणाला. "दिसभर मिठाचं ढीग ओढतंय न घरी भात अळणी. बायको चिमूटभर सुदा देत न्हाय."

सुचेतानं कार्ड पुन्हा पाहिलं. एकशे ऐंशीचा आकडा एप्रिलचा होता, एक्याऐंशी किलोच्या खालच्याच ओळीत. तिनं मान वर केली. काट्यावर भजनी धाकू उभा होता आणि काटा ब्याऐंशीवर हलत होता.

"तुम्ही आधी बसा," ती त्याला म्हणाली. "हसू नका. बोलू नका. पाच मिनिटं शांत बसा."

तिनं दोनदा मोजलं. दोनशे आणि एकशे सोळा. गुडघ्याच्या गोळ्या न्यायला हा माणूस वर्षभर येत होता आणि त्याचं ब्लडप्रेशर मिठागरवाल्याच्या कार्डावर पडून होतं. सकाळी डोकं जड वाटतं का, असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वाटतं की. भजनाचं जागरण असल म्हनून सोडून दिलं." तिनं त्याचं हृदय तपासलं, डोळे तपासले, पहिली गोळी समोरच दिली आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला यायला सांगितलं. तो गंभीर होऊन मान डोलवत होता.

धर्माजी खिडकीशी उभे होते. "मॅडम, मी तापात होतो म्हणून चूक झाली असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "ही तर मी इथे असताना झालीय."

"आकडा तुम्ही लिहिलात. कार्डावरचं नाव कुणाचं, ते मीही विचारलं नाही."

मग ती मिठागरवाल्या धाकूसमोर जाऊन उभी राहिली. "धाकूभाऊ, तुम्हाला ब्लडप्रेशर नव्हतंच कधी. चूक आमची. वर्षभर तुम्ही दुसऱ्याचं पथ्य पाळलंत."

त्यानं भजनी धाकूकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या कार्डाकडे.

"म्हंजे मी मीठ खाऊ?"

"खा."

"आत्ता?"

"आत्ता खा."

तो उठला आणि सरळ गल्लीत गेला. समोर वडेवाल्याची गाडी होती. त्यानं वडा मागितला नाही. मीठ लावलेली तळलेली मिरची मागितली आणि डोळे मिटून सबंध खाल्ली. मग दुसरी घेतली. दवाखान्याच्या दारात आठ धाकू, शालू, नीरज आणि डॉक्टरीणबाई दाटीवाटीनं उभे राहून बघत होते. तिसऱ्या मिरचीला मिठागरवाल्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तशात तो म्हणाला, "आरे, काय चव हाय रे." त्याबरोबर भजनी धाकूला हसू फुटलं. डॉक्टरीणबाईंनी हसू नका सांगितलंय हे आठवून त्यानं तोंडावर हात दाबला, पण पोट हलतच राहिलं. सुचेता भिंतीला धरून हसली, आणि खूप दिवसांनी हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. धर्माजी सगळ्यात उशिरा हसले, पण हसले.

त्या दुपारी सातही जणांना नंबर मिळाले. ज्याला सल्फा चालत नव्हता त्याचं नाव उघडलं की कॉम्प्युटर तीनदा वाजे आणि कीबोर्डावरचं बटण दाबल्याशिवाय पुढे जात नसे. नीरजनं गोळ्या संपायच्या आधी कुणाला परत बोलवायचं, त्याची यादीही जोडली. दर सोमवारी ती प्रिंटरमधून कर्र कर्र करत छापून निघे आणि धर्माजी ती घेऊन सायकलवर गावात फिरत. भजनी धाकूनं दोनदा दांडी मारली, तेव्हा ते भजनात जाऊन बसले आणि त्याला घेऊनच आले. शिमग्यापर्यंत त्याचं ब्लडप्रेशर एकशे चाळीसवर उतरलं.

पुढच्या वर्षी खोकला घेऊन मनोरमा दवाखान्यात आली. धर्माजी तिला ओळखत नव्हते असं नाही, बावीस वर्षं ती त्यांची बायको होती.

"पूर्ण नाव?" धर्माजींनी विचारलं.

ती बघतच राहिली. "मनोरमा."

"पूर्ण. आणि वडिलांचं नाव."

"तुमच्या सासऱ्यांचं नाव विसरलात का?"

"विसरलो नाही," धर्माजी कीबोर्डावर एक बोट ठेवून म्हणाले. "पण विचारायचं असतं. जन्मसाल?"

ते मात्र मनोरमेनं सांगितलं नाही. बाकड्यावरच्या दहा माणसांसमोर तर नाहीच. शेवटी तिनं खिडकीत वाकून त्यांच्या कानात सांगितलं. धर्माजींच्या भुवया वर गेल्या, कारण लग्नात त्यांना सांगितलेलं साल वेगळं होतं. खरं साल त्यांनी एकेक आकडा दाबत टाइप केलं आणि मनोरमेला आत पाठवलं.