आश्रुबा बसला

"अरे, बस की आश्रुबा! कावून असा खांबासारखा उभा राहिलास?" चेअरमन विठ्ठलराव लोडाला टेकत पुन्हा म्हणाले.

आश्रुबा म्हणजे माझा दादा. तो भिंतीला हात लावून उभाच राहिला. विठ्ठलरावांच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी अंथरलेली, वर पांढरी चादर. सोसायटीचे संचालक आणि सोसायटीचे वकील मोहनराव तिच्यावर ऐसपैस मांड्या घालून बसले होते. मी दाराशी, बायकांनी बसायचं असतं तिथं. या माणसाला बसता येत नाही, त्यासाठीच तर आपण जमलो आहोत, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात येत नव्हतं. मला विचाराल तर येत होतं. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं कोण करणार?

आश्रुबा माझा थोरला भाऊ. सोसायटीच्या खताच्या गोदामावर कामाला होता, आजही आहे. दुष्काळात सोसायटीचा टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडायला यायचा. एक दिवस ड्रायव्हरने मागे न बघता गाडी मागे घेतली आणि दादाचा डावा पाय विहिरीच्या कठड्यावर चिरडला. अंबाजोगाईला ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण गुडघा सळई घालून सरळच्या सरळ बसवावा लागला. तो आता वाकत नाही आणि वाकणारही नाही. टँकरचा विमा भरायचा राहून गेला होता, म्हणून भरपाई सोसायटीच्या गळ्यात आली. नाहीतर आमच्यासारख्यांना या घरात चहा कोण पाजतो!

मोहनरावांनी चष्मा पुसला. "हे बघा बाई, दवाखान्याचा खर्च सोसायटीनं दिला. घरी पडून होता तेव्हाचा पगार दिला. कामावर परत घेतलं, पगारही तोच. मग दाव्यात राहिलं काय? तर म्हणे, जगण्यातलं सुख गेलं! सुख गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?"

"ह्या दुष्काळात सुख कुणाला राह्यलंय वकील साहेब?" एक संचालक म्हणाला. "आमचं बी गेलं. आमाला बी द्या भरपाई."

सगळे हसले. विठ्ठलराव तर पोट हलेपर्यंत हसले.

काय गेलं? आपल्याकडे माणूस जेवतो जमिनीवर, देवापुढे बसतो जमिनीवर, मयताच्या घरी रडतो तेही जमिनीवर बसून. लोक किती सहज म्हणतात, खुर्ची घ्यावी! जिथं गावातली जाणती माणसं खाली बसली आहेत, तिथं त्यांच्या डोक्यावर खुर्ची टाकून कोण बसेल? माझा भाऊ तरी बसणार नाही. तो मागे उभा राहतो. पंगत उठली की वाढप्यांबरोबर ओट्याच्या कडेला टेकून चार घास खातो. आमचे वडील वारले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, सगळे खाली बसलेले, आणि थोरला मुलगा दाराशी परक्यासारखा उभा. परगावहून आलेल्या एका म्हाताऱ्याने त्याच्याकडेच पाणी मागितलं. दादाने आणून दिलं.

तेही मी गिळलं असतं. पण माझ्या मुलाचं जावळ झालं आणि मी वकील गाठला.

जावळाला मामाची मांडी लागते. मुलाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसूनच काढायचे असतात. युसूफ वडगावला, माझ्या सासरी, दादा सकाळीच नवा सदरा घालून हजर झाला. भाच्यासाठी जरीची टोपी आणली होती. न्हाव्याने वस्तरा काढला तसा दादा बाजेवर बसला आणि त्याने मुलाला घेतलं. पण त्या ताठ पायावर मूल ठरेना. घसरायला लागलं, भ्यालं, किंचाळायला लागलं. माझ्या सासूबाई, बायडाबाई, म्हणाल्या, "वस्तऱ्याचा खेळ हाय बाई, पोराला लागंल. खाली मांडी घालून बसणारा मामा बघा दुसरा." आमचा चुलतभाऊ बद्रीनाथ जेवायला म्हणून आला होता. त्याला हाताला धरून बसवला. माझ्या मुलाचं जावळ बद्रीनाथच्या मांडीवर पडलं आणि दादा टोपी हातात घेऊन लिंबाखाली उभा राहिला. वर हसत होता. त्याचं ते हसू मी कुणालाच माफ करणार नाही.

हे सगळं मी त्या बैठकीत सांगितलं. सांगताना आवाज चढला. चढू दिला.

"बस, एवढंच?" मोहनराव म्हणाले. "आता मांडीचा काय दर लावायचा, तेवढं सांगा."

विठ्ठलरावांचं हसू मावळलं होतं. "पोरी, भाचा कुणाच्या मांडीवर बसला, ह्याचे पैसे सोसायटीनं द्यायचे व्हय? सभासदांचा पैसा हाय त्यो. आन् आश्रुबा, तू ऐक. औंदा खताला उठाव न्हाई. गोदामावरची माणसं कमी करायची म्हणायलेत. दावा मागं घे, तुझी नोकरी मी सांभाळतो."

मोहनरावांनी कागद गादीवर सरकवला, वर पेन ठेवलं. अपघाताने माझे काहीही नुकसान उरलेले नाही, सबब दावा मागे घेत आहे, असं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

दादा सही करणार, हे मला माहीत होतं. येताना वाटेतच म्हणाला होता, "जाऊ दे सत्यभामा. लेकरं हायत मला. दुष्काळात दुसरं काम कोण देतंय?" त्याने भिंतीवरचा हात काढला आणि कागदासाठी पुढे केला.

"आता उभ्यानं सही करतोस का?" विठ्ठलराव खेकसले. "काय नखरा लावलाय मघापासून! बस म्हणलं की बस बे!"

दादाने हात मागे घेतला. विठ्ठलरावांकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. बसतो."

भिंतीला पाठ घासत तो खाली आला. उजवा गुडघा वाकला. डावा पाय चादर गोळा करत पुढे निघाला, दोन संचालकांच्या मधून गेला, पानाचं तबक कलंडलं, आणि तळवा थेट विठ्ठलरावांच्या तोंडासमोर येऊन थांबला. भेगांचा, धुळीचा, उघडा तळवा. माणसांकडे पाय करून बसू नये, हे आपल्यात शेंबड्या पोराला कळतं. इथं तर चेअरमन!

"पाय! पाय आवर आधी!" दोघं-तिघं एकदम ओरडले.

"आवरत न्हाई," दादा म्हणाला. "सत्यभामानं मघापासून त्येच सांगितलं की."

"मग बाजूला घे!"

"कुठं घेऊ? इकडं घेतला तर संचालक साहेब बसलेत. तिकडं तुमचे देव हायत. तुमीच सांगा साहेब, कुणाकडं करू?"

विठ्ठलराव बसल्या जागी मागे सरकले, पण मागे लोड होता.

"म्हणून मी बसत न्हाई," दादा म्हणाला. "नखरा न्हाई त्यो. तुमचा मान ठेवायलो होतो आजवर." त्याने पेनासकट कागद मोहनरावांकडे परत सरकवला. "नोकरी काढायची तर काढा. काय बी गेलं न्हाई, असं मी लिहून देणार न्हाई. कोर्टात काय मिळंल ते मिळंल."

मोहनरावांनी कागदाची घडी घातली.

मग दादा उठायला लागला. खाली बसलेला दादा कसा उठतो, हे घराबाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं. तो आधी कुशीवर वळला. दोन्ही पंजे गादीवर रोवले. धड उजव्या गुडघ्यावर घेतलं. ताठ पाय मागे फरफटत होता, सदरा पाठीवरून वर गेला होता आणि मान खाली लोंबत होती. एकदा हात सटकला आणि तो पुन्हा कोपरावर आला. मी दारातून धावले.

"थांब," तो धापा टाकत म्हणाला. "हात लावू नको. बघू दे त्यांला."

मी थांबले. तो पुन्हा पहिल्यापासून उठायला लागला. विठ्ठलराव चादरीची सुरकुती सारखी करत होते. मोहनराव चष्मा पुसत होते. बाकीचे आपापल्या रिकाम्या कपात बघत होते.