शिंक थांबली तेव्हा

माझ्या शिंकांमुळे आत्याला नऊ वर्षं आमचा उंबरा ओलांडता आलेला नाही. ती चपला घालून पाऊल उचलते, मी शिंकते. निघताना शिंक म्हणजे अपशकुन, म्हणून ती आत येऊन घडीभर टेकते, दोन घोट पाणी पिते आणि पुन्हा निघते. मी पुन्हा शिंकते. या खेपांनी ती इतकी हलकी झालीय, की पंखा लावला तर तिच्या मांडीवर पाटा ठेवावा लागतो.

सगळा दोष हळदीचा. सांगलीत हळदीच्या गोदामाला लागून घर घेतलं की नाक मोकळं कुठून राहणार?

"पमे, औषध घे गं," आत्या म्हणाली. "सोड मला आता."

मला तिला सोडायचं नव्हतं. आई गेल्यावर माझी वेणी तिनंच घातली होती. पण तिच्या चपलांचे तळ झिजून संपले होते. मी दवाखान्यात गेले.

"एका गोळीत दोन औषधं आहेत," डॉक्टर हिंगमिरे म्हणाले. "एक शिंका थांबवतं, दुसरं चोंदलेलं नाक उघडतं. बीपी नाही ना?"

"नाही."

"एकानं झोप येईल, दुसऱ्यानं उडेल. घाबरू नका."

घरी येऊन गोळी घेतली. अर्ध्या तासात उजवी नाकपुडी उघडली आणि माजघर लांब झालं. डावी उघडली तेव्हा स्वयंपाकघर पार कृष्णेपर्यंत गेलं. मग नऊ वर्षांचे राहिलेले वास दारातून रांगेनं आत आले. करपलेली आमटी. दिवाळीचं उटणं. शेजारच्या मालूच्या लग्नातला मोगरा. माझे हात आपोआप जोडले गेले. एवढं सगळं येऊन थांबलं होतं आणि मला पत्ताच नव्हता!

सगळ्यांत शेवटी आत्याचा वास आला, खोबरेल आणि कापराचा. पण तो तिच्या अंगाला येत नव्हता. बाहेरून, रस्त्याच्या टोकाकडून येत होता.

आत्या दारात उभी राहून सवयीनं माझ्या शिंकेची वाट पाहत होती. मी चिमूटभर हळद नाकात कोंबली, उन्हाकडे टक लावून पाहिलं. काही नाही. तिच्याकडे धावले, तर घर आणखी लांबलं.

"जाते गं, पमे," ती म्हणाली. आमच्यात निघताना "येते" म्हणतात.

तिनं पाऊल उचललं. तेवढ्यात रस्त्याच्या त्या टोकाला कुणीतरी शिंकलं, अगदी माझ्या आवाजात, आणि आत्याचं पाऊल उंबऱ्यावर अधांतरी राहिलं.